धसका का बसतो?

सकाळी सव्वासातला इंदूरला आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत शाळेची बस येते. मुलं चढेपर्यंत इंजिन चालूच असतं आणि डिझेलचा धूर ओटल्यापर्यंत पोचतो. ओटल्यावर मेथी निवडत बसलेली माझी मावशी तेवढ्यात उठून आत जाते. जुडी अर्धी तशीच राहते. ओंकारेश्वरच्या वाटेवर भेरू घाटात तिची बस उलटली त्याला अकरा वर्षं झाली. मोडलेला हात दोन महिन्यांत जुळून आला. धूर मात्र अजूनही तिला त्या दुपारी नेऊन सोडतो. तळहात गार पडतात, श्वास पुरत नाही. ‘हिनं धसका घेतलाय’ असं आम्ही घरात इतकी वर्षं म्हणत आलो. धसका ‘घेतला’ म्हणतो आपण, जणू घ्यायचा की नाही ते तिच्या हाती होतं.

वैद्यकात याला आघातोत्तर ताण विकार किंवा पीटीएसडी म्हणतात. हे नाव 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल होते. त्याआधी पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणत. तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मज्जातंतू दुखावतात, अशी सुरुवातीची समजूत होती. पण ज्यांच्या जवळपासही गोळा फुटला नव्हता असे जवानसुद्धा थरथरू लागले, आणि मग कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. कारण सापडलं नाही की माणसाला दोष लावायचा, ही खोड जुनी आहे.

आता मावशीच्या डोक्यात काय होतं ते पाहू. साध्या आठवणीला तारीख आणि पत्ता असतो. गेल्या दिवाळीची आठवण आली, तरी ती गेल्या दिवाळीची आहे हे आपल्याला कळत असतं. हा तारीख-पत्ता लावण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. जिवावर बेततं तेव्हा अमिग्डाला हा दुसरा भाग धोक्याची घंटा वाजवतो. ॲड्रिनलिनसारखी रसायनं उसळतात, आणि त्यांच्या जोरावर तो क्षण खोल कोरला जातो. त्याच वेळी प्रचंड ताणाखाली हिप्पोकॅम्पसचं काम विस्कटतं. मग वास, आवाज, काचांचा चुरा हे सगळं तारखेविना सुटं साठून राहतं. अकरा वर्षांनी डिझेलचा वास आला की घंटा वाजते ती ‘तेव्हा’ची नसते, ‘आत्ता’ची असते. ‘अगं, ही शाळेची बस आहे’ असं सांगून तिला शांत करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग अशा वेळी कमी पडतो.

दुसरं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. धूर आला की ती उठून जाते, त्यामुळे त्या क्षणी सुटका होते. पण धुरानंतर काहीच वाईट घडत नाही, हे शिकायची संधी मेंदूला कधी मिळतच नाही. आम्हीही मायेपोटी ओंकारेश्वरला जाणं बंद केलं, बसचा विषय टाळला. भीतीला आम्हीच खतपाणी घातलं.

मग प्रत्येकाला हे का होत नाही? जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातल्या सुमारे 70 टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात एखादा तरी मोठा आघात येतो, पण हा विकार त्यांतल्या 5.6 टक्क्यांनाच होतो. एकटी घटना पुरेशी नसते. लहानपणी झालेला छळ, आधीचं नैराश्य, अनुवंश यांचाही वाटा असतो. घटना कोणती हेही महत्त्वाचं, कारण माणसानं माणसावर केलेला अत्याचार, विशेषतः लैंगिक अत्याचार, सर्वांत खोल रुततो. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतं. आणि घटनेनंतर पाठीशी कोण उभं राहिलं, यावर तर फारच काही ठरतं.

इंदूरकरांना 30 मार्च 2023 ची रामनवमी आठवत असेल. बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब कोसळला आणि 36 माणसं गेली. पायाखालची फरशी, हवनाचा धूर, रामनवमीचा दिवस यांपैकी काहीही वाचलेल्यांसाठी त्या दुपारचं दार उघडू शकतं. काठावरून पाहणाऱ्यांना, घरचं माणूस गेल्याची खबर ऐकणाऱ्यांना, मृतदेह वर काढणाऱ्या जवानांनाही हा विकार होऊ शकतो.

किल्लारीच्या भूकंपाचं दुःख तर घरातच घडलं. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्यांवर आली, सुमारे आठ हजार लोक गेले. ज्या छपराखाली निर्धास्त पडायचं तेच अंगावर आलं. अशा माणसाला ‘आता आत झोप’ म्हणणं सोपं, झोप लागणं कठीण. त्या माणसांना घरं बांधून दिली, तेवढीच काळजी मनाचीही घ्यायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

आघातानंतर पहिले काही आठवडे दचकणं, वाईट स्वप्नं हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. त्या दिवसांत कुणाला खोदून खोदून सगळं सांगायला लावू नका. जेवण, झोप आणि सोबत द्या. महिना उलटूनही तेच चालू राहिलं, तर मात्र ‘विसर आता’ म्हणत बसू नका. आघातावर केंद्रित मानसोपचार आणि गरज पडल्यास औषधं यांनी अकरा वर्षांचं दुखणंसुद्धा हलतं. मावशीनं यंदा उपचार सुरू केले. मानसोपचारतज्ज्ञाच्या सांगण्यावरून ती आता बस येते तेव्हा दोन मिनिटं ओटल्यावर बसून राहते, मी शेजारी असतो.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक लिहून ठेवा: 14416. फोन विनामूल्य आहे आणि चोवीस तास उचलला जातो.