पेन्शन हक्काची, वर्दी अमानतीची

पोलीस खात्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन सरकार बंद करू शकते का? बहुतेक घरांत हा प्रश्न संकट दारात आल्यावरच निघतो. उत्तर आधीच माहीत असलेले बरे.

पेन्शन ही कुणाची मेहेरबानी नाही. १९८२ साली डी. एस. नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती केलेल्या सेवेतून मिळणारा हक्क असल्याचे सांगितले. २०१३ साली झारखंडच्या एका प्रकरणात न्यायालयाने पेन्शनला मालमत्ता मानले. कायद्याचा आधार नसेल तर नुसत्या सरकारी आदेशाने ती रोखता येत नाही.

आपल्या राज्यात हा आधार महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये आहे. नोकरीत असताना केलेले गंभीर गैरवर्तन किंवा हलगर्जीपणा चौकशीत अथवा कोर्टात सिद्ध झाला, तर नियम २७ प्रमाणे पेन्शन पूर्ण किंवा काही भाग, ठरावीक काळ किंवा कायमची काढून घेता येते. सरकारचे नुकसानही त्यातून वसूल होते. मात्र निवृत्तीनंतर नवी विभागीय चौकशी सुरू करायची, तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांहून जुनी चालत नाही. चौकशी संपेपर्यंत तात्पुरती पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी मात्र अडकून राहते.

नोकरीतूनच बडतर्फ झाल्यास मागची सगळी सेवा जप्त होते आणि तिच्यावर उभी असलेली पेन्शनही जाते. १ नोव्हेंबर २००५ पासून भरती झालेल्यांसाठी अंशदायी योजना आली, तिचे नियम वेगळे.

ब्रिटनमध्ये दोषी पोलिसाच्या पेन्शनपैकी साधारण ६५ टक्क्यांपर्यंतच भाग जप्त होतो. उरलेला भाग त्याच्या स्वतःच्या पगारातून कापलेल्या पैशांचा, म्हणून त्याला हात लावत नाहीत.

इथे मन दोन्हीकडे ओढले जाते. कोठडीत मारहाण करणारा, लाच खाणारा, तक्रार घेऊन आलेल्या बाईचा गैरफायदा घेणारा पोलीस जनतेच्या पैशावर म्हातारपण आरामात काढतो, हे पीडिताला इन्साफ वाटेल का? वर्दी ही अमानत आहे, तिच्यात खयानत करणाऱ्याला किंमत मोजावीच लागेल. पण त्याच पेन्शनवर एखाद्या आईचे औषध आणि मुलीची फी चालते. गुनाह एकाचा असतो, फाके सगळ्या घराला पडतात. म्हणून शिक्षा ठरवणाऱ्याने गुन्ह्याचे वजन तोलावे आणि निर्दोष माणसांचाही विचार करावा.

ज्या घरात वर्दी आहे, तिथल्या बायकांनी हे नियम जाणून घ्यावेत. खात्याची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नये, मुदतीत लेखी उत्तर द्यावे, वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि पगाराहून जास्त पैसा घरात येऊ लागला, तर तो कुठून आला हे विचारावे. हलाल रिज्काची राखण घरातूनच सुरू होते.