पाथर्डीचा कोयता, वोंजीचा पॅन

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या संसार गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात. त्यांच्या हलाखीवर बरंच लिहिलं गेलं आहे आणि ते लिहायलाच हवं. त्यांच्या हातातल्या जाणकारीबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. साखरधंदा एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा नेमकी हीच जाणकारी मागे राहते.

उसात साखर बुडख्याकडे जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. त्यामुळे कोयता अगदी जमिनीलगत बसावा लागतो. बोटभर खुंट वर राहिला तरी सगळ्यात गोड भाग फडातच जातो. शेंड्याच्या कोवळ्या कांड्यांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असतं. ते रसात आलं तर दाणा नीट धरत नाही आणि मळी वाढते. म्हणून वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा भाग, नेमक्या कांडीवर तोडायचं. ही कांडी वाणागणिक, रानागणिक आणि महिन्यागणिक बदलते. पाथर्डीची बाई पाचट सोलता सोलता ती ओळखते. हे तिला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. आईच्या मागे मोळ्या बांधताना ते हातात आलेलं असतं.

तोडलेला ऊस पडून राहिला की साखर घटायला लागते. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू तिच्यापासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. त्यामुळे रस दाटतो, पॅनमधली उकळी मंदावते आणि दाणा चौकोनी न होता लांबट, सुईसारखा होतो. फडातली दिरंगाई अशी थेट पॅनमनला दिसते.

हा पॅनमन म्हणजे साखर कारखान्याच्या कसबाचा गाभा. घट्ट झालेला पाक निर्वात पॅनमध्ये साठ-पासष्ट अंशांवर उकळत असतो. पॅनमन दांड्याने नमुना काढतो, काचेवर पसरून दिव्यासमोर धरतो, अंगठा आणि बोटात घेऊन तार बघतो. दिवाळीच्या लाडवांसाठी घरात बघतात तशीच, फक्त इथे पाक काही टन असतो. बियाण्याची साखर सोडायचा क्षण दोन-चार मिनिटांनी हुकला तर नको असलेला बारीक दाणा आपोआप पडतो. मग तो विरघळवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता मीटर आहेत, संगणकावर चालणारे पॅनही आहेत, तरीही नमुना काचेवर घेऊन बघणारा माणूस लागतोच.

अशी माणसं आज महाराष्ट्रातून पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत जातात, पण तिथे गेल्यावर त्यांच्याही सवयी मोडाव्या लागतात. इथिओपियातलं वोंजी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाबच पाऱ्याच्या जेमतेम पंचवीस इंचांइतका, तर आपल्या पठारावर अठ्ठावीसच्या आसपास. निर्वात दाखवणारा काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. त्यामुळे तीच उकळी तिकडे काटा तीनेक इंच खाली असतानाच येते. इथल्या आकड्याची वाट बघत बसलेला माणूस तिथे फसणारच. फडाचंही तसंच. आपल्याकडे थंडी पडली की ऊस पक्व होतो आणि उतारा चढतो. विषुववृत्ताजवळच्या युगांडात तशी थंडी नाही. तिथे ऊस कधी तोडायचा ते पाऊस आणि उसाचं वय बघून ठरवावं लागतं. इथिओपियात आणि दक्षिण आफ्रिकेत तोडणीआधी फड पेटवण्याची रीत आहे आणि जळालेला ऊस आणखी लवकर खराब होतो. म्हणजे नुसती माहिती इथून तिथे नेऊन भागत नाही, तिथल्या माणसांबरोबर ती नव्याने घडवावी लागते.

वोंजीचा कारखाना मुळात एका स्थलांतरातूनच जन्मला. एचव्हीए ही डच कंपनी इंडोनेशियात मळे आणि साखर कारखाने चालवायची. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिने नवी जमीन शोधली आणि 1951मध्ये इथिओपियाशी करार केला. 1954मध्ये वोंजीतून साखर बाहेर पडू लागली. कंपनीने आपला अनुभव आणि जावात काम केलेली माणसंही सोबत आणली होती. त्याच जावात पैदा झालेला पीओजे 2878 हा ऊस एके काळी आपल्या दख्खनच्या कालव्यांवरही लावला जात होता.

याच्या उलट घडलं ते युगांडात. लुगाझीचा कारखाना नानजी कालिदास मेहता यांनी 1924मध्ये उभारला, काकिराचा मुळजीभाई माधवानी यांनी 1930मध्ये. 1972च्या ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. गिरण्या, बॉयलर, पॅन, ऊस, सगळं जागेवरच होतं. तरी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशातलं साखर उत्पादन जवळपास बंद पडलं. सुट्या भागांची टंचाई आणि यादवी ही कारणं होतीच. पण यंत्र कधी कुरकुरतं हे जाणणारी माणसं एका झटक्यात गेली, हे नुकसानही तेवढंच मोठं होतं. 1985मध्ये माधवानी कुटुंब परतलं, तेव्हा काकिरा जवळजवळ नव्याने उभारावं लागलं. कसब थोड्याच माणसांच्या हाती ठेवलं आणि पुढच्या फळीला शिकवलं नाही तर काय होतं, ते यातून दिसतं.

शिकवण्याची सोय आपल्याकडे आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975पासून काम करते आहे. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था तर 1936ची. तिथे साखर उकळण्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि नायजेरियातल्या इलोरिनमध्ये तशीच संस्था उभी करण्यासाठी कानपूरने मदतीचा हात दिला आहे. पण हे सगळं कारखान्याच्या फाटकाच्या आतलं. पॅनमनला प्रमाणपत्र मिळतं, केमिस्टला पदवी मिळते. तोडणीवालीची जाणकारी कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. परदेशात कारखाना उभारताना पाथर्डीची एखादी जाणती जोडी एका हंगामासाठी चांगल्या पगारावर शिकवायला न्यावी, हे सुचायला हवं होतं. कारखान्याला मिळणारी साखर आधी तिच्या हातातून जाते.

आता तर हे ज्ञान घरच्या घरीच दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली आहे. ऊसतोडणी यंत्रांना सरकारी अनुदान मिळतं आहे आणि फडात हार्वेस्टर दिसू लागले आहेत. यंत्राचं पातं उंच धरलं तर बुडखा राहतो आणि खोल गेलं तर मुळं उपटून माती गिरणीत जाते. शेंडा छाटण्याची उंची चालक बसल्या जागेवरून ठरवतो आणि ऊस लोळलेला असेल तर तेही जमत नाही. तो चालक बहुधा ट्रॅक्टरवरून आलेला तरुण असतो, फडातून आलेला नसतो. त्याच्या प्रशिक्षणात इंजिन येतं, हायड्रॉलिक्स येतं. कुठल्या वाणाचं वाढं कुठल्या कांडीवर तोडायचं, हे त्याला सांगू शकेल अशी बाई त्याच शिवारात, कारखान्याच्या तळावरच्या खोपीत असते.