चाक बसलं की गाडी थांबवा



बैल चालता चालता बसला, तर आपण काय करतो? जू उतरवतो, पाय पाहतो, खूर पाहतो, त्याला काय दुखतंय ते शोधतो. बसलेल्या बैलाला कुणी फरफटत नेत नाही. पण टायरमधली हवा गेली, चाक बसलं, की आपलाच माणूस म्हणतो, “गाव दोन कोसांवर आलंय, हळूहळू नेऊ तसंच. पंक्चरवाला नाक्यावर आहेच.” आज मला या ‘हळूहळू’बद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. आता गावोगाव फटफट्या आहेत, टेंपो आहेत, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत, आणि त्यांवर आपलीच माणसं बसलेली असतात. तेव्हा ही गोष्ट नुसती गाडीवाल्याची राहिलेली नाही.

आधी एक सोपा प्रश्न. मोटारीचं ओझं कोण पेलतं? शाळेतल्या मुलांना विचारलं तर बहुतेक मुलं सांगतील, टायर पेलतो. रबर एवढं जाड आहे, तेच पेलत असणार. पण तसं नाही. ओझं पेलते ती मुख्यतः आतली हवा. टायर म्हणजे त्या हवेला कोंडून धरणारी एक मजबूत पिशवी. रिकामं पोतं उभं राहत नाही, धान्य भरलं की राहतं. इथं धान्याच्या जागी हवा आहे, एवढाच फरक.

ही युक्ती रूढ केली ती एका जनावरांच्या डॉक्टरानं. त्याचं नाव जॉन बॉइड डनलॉप. मूळचा स्कॉटलंडचा, व्यवसाय आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरी. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार धडधडायची, म्हणून त्यानं १८८७ साली तिच्या चाकांना हवेनं फुगवलेली रबरी नळी बसवली, आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. असाच विचार रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थानं १८४५ सालीच मांडला होता, पण तेव्हा तो चालला नाही. पुढं हीच हवा आपल्या बैलगाडीच्या चाकातही आली. लोखंडी धावेची गाडी जाऊन टायरची गाडी आली आणि बैलांच्या खांद्यावरचा धक्का कमी झाला.

आता थोडा हिशेब करू. माणसांसकट एका मोटारीचं वजन १,२०० किलो धरा. चाकं चार, म्हणजे प्रत्येक चाकावर ३०० किलो. टायरमध्ये हवा ३३ पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला ३३ पौंडांचा दाब. आपल्या मापात सांगायचं तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. ३०० ला २.३ नं भागा. उत्तर येतं १३० चौरस सेंटिमीटर. टायरचा एवढाच भाग एका वेळी जमिनीला टेकतो. टपालाचं साधं पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. तेव्हा मंडळी, सबंध मोटार चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते. धावणं, वळणं, थांबणं, सगळं त्या चार पोस्टकार्डांच्या भरवशावर.

हवा निम्मी झाली तर? ओझं काही कमी होत नाही. मग टायर जास्त दबतो आणि जमिनीला जास्त टेकतो. गुरुजनांना हे वर्गात दाखवता येईल. सायकलचं मागचं चाक ओलं करा, खाली कोरा कागद ठेवा, एका मुलाला सायकलवर बसवा आणि ठसा घ्या. मग थोडी हवा सोडून दुसरा ठसा घ्या. दोन्ही ठसे शेजारी ठेवले की मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

कुणी म्हणेल, जास्त टेकला तर बरंच, पकड वाढेल. इथंच गफलत होते. टायर दबतो तेव्हा त्याची बगल, म्हणजे बाजूची भिंत, वाकते. चाक फिरलं की तो भाग वर जातो आणि सरळ होतो, दुसरा भाग खाली येतो आणि वाकतो. मोटारीचं चाक एका किलोमीटरला सुमारे सव्वापाचशे वेळा फिरतं. ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा. म्हणजे बगलेचा प्रत्येक भाग सेकंदाला नऊ वेळा वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार एकाच जागी वाकवून सरळ करीत राहा. ती आधी गरम होते आणि मग तुटते. टायरचंही तसंच. पुरेशी हवा असेल तर वाकणं थोडं, आणि होणारी उष्णता वाऱ्यानं निघून जाते. हवा कमी असली की वाकणं फार, उष्णता फार. आतल्या दोऱ्यांना धरून ठेवणारं रबर मऊ पडतं, दोरे सुटतात आणि टायरच्या चिंध्या होतात. हवा अजिबातच गेली तर लोखंडी रिम आणि रस्ता या दोन दगडी तळ्यांमध्ये टायर जात्यातल्या दाण्यासारखा भरडला जातो. थोड्याशा अंतरात दुरुस्त होण्याजोगा टायर निकामी होतो. पंक्चरचे पैसे वाचवायला जावं आणि टायरचे द्यावे लागावेत, असा हा सौदा.

पण नुसतं पैशांचं नुकसान असतं, तर मी आपला वेळ घेतला नसता. यात जिवाचे तीन धोके आहेत.

पहिला धोका ताबा जाण्याचा. पुढचं एक चाक बसलं की गाडी त्या बाजूला ओढते. मागचं बसलं तर गाडीची शेपूट हलते. अशा वेळी वळण आलं किंवा समोर गुरं आली, आणि जोरात ब्रेक दाबला, तर टायर रिममधून निसटू शकतो, मग गाडी कुठं जाईल याचा नेम नाही. फटफटीचे तर दोनच पाय. त्यातला एक लुळा पडला की बाई आणि पोरं मागं बसलेली असताना तोल कसा सावरायचा? आणि हंगामात ऊस भरलेली उंच ट्रॉली एका बाजूला बसली, तर सबंध भार त्याच बाजूला कलतो. रस्त्याची कड पोकळ असली की ट्रॉली उलटायला वेळ लागत नाही.

दुसरा धोका शेजारच्या चाकाचा. ट्रकच्या मागं एका बाजूला दोन-दोन चाकं जोडीनं असतात. एक बसलं तरी गाडी उभी दिसते, म्हणून हाकणारा चालत राहतो. पण बसलेल्याचं ओझं आता जोडीदारावर पडलेलं असतं. दोन बैलांची गाडी एकानं ओढावी तसं. तो तापतो, बसलेलाही चिरडून तापतो, आणि कधी कधी टायर पेट घेतात.

याचं फार दारुण उदाहरण विमानाचं आहे. ११ जुलै १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दा विमानतळावरून डीसी-८ जातीचं एक विमान नायजेरियातल्या सोकोटोला निघालं. आत यात्रा करून घरी परतणारे लोक होते. विमानाच्या काही टायरांत दाब कमी आहे, हे देखभाल करणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. त्यात भरायचा नायट्रोजन वायू लगेच मिळेना. उशीर नको, म्हणून विमान तसंच सोडलं. धावपट्टीकडे जाता जाता कमी दाबाच्या टायरचं ओझं त्याच आसावरच्या शेजारच्या टायरवर पडलं. तो तापला आणि विमान वेग घेऊ लागताच फुटला. लक्षात घ्या, आधी फुटला तो शेजारचा. त्याच्या मागोमाग कमी दाबाचाही गेला. घासून पेटलेली चाकं विमानाच्या पोटात ओढली गेली आणि आग आत पसरली. वैमानिकांनी विमान परत वळवलं, पण धावपट्टी गाठण्याआधीच ते कोसळलं. २६१ माणसं होती, एकही वाचलं नाही. ‘एवढी खेप होऊन जाऊ दे’ हा विचार आपल्या टेंपोवाल्याच्याच तोंडी असतो असं नाही.

तिसरा धोका कुणाच्या ध्यानीमनी नसतो. तो पंक्चर काढणाऱ्या पोराचा. हवेशिवाय किंवा फार कमी हवेवर चाललेला टायर बाहेरून ठाकठीक दिसू शकतो, पण आतले दोरे तुटलेले असतात. ट्रकच्या टायरमध्ये हे दोरे पोलादी तारांचे असतात. त्यात पुन्हा हवा भरताना बगल एका रेषेत उसवत जाते आणि टायर स्फोटासारखा फुटतो. समोर बसलेल्या माणसाचा त्यात जीव जातो. म्हणून पंक्चरवाल्याला खरं सांगा, “बाबा, हे चाक बसलेलं असतानाच आणलंय.” मग त्यानं टायर रिमवरून उतरवून आतून पाहावा. आत रबराची काळी भुकटी किंवा बगलेला घासल्याची गोल रेघ दिसली, तर त्यात हवा भरू नये. ट्रकच्या टायरात हवा भरताना तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवावा आणि बगलेसमोर कुणी थांबू नये.

इतकं सगळं असून हाकणाऱ्याला कळत कसं नाही? टायरच्या बैलगाडीचं चाक बसलं, तर बैलांच्या खांद्याला ते तात्काळ कळतं. गाडी जड होते, बैल थांबतात. इंजिन थांबत नाही. ते मुकाट्यानं ओढत राहतं. शिवाय आताच्या बिनट्यूबच्या टायरमध्ये खिळा रुतून बसला, तर हवा एकदम जात नाही, दिवसादिवसानं जाते. काही नव्या मोटारींत हवा कमी झाली की समोर दिवा लागतो. काही टायर तर हवा गेल्यावरही ठरावीक अंतर, ठरावीक वेगानं चालतील असे मुद्दाम बनवलेले असतात. पण आपल्या बहुतेक गाड्यांना यातलं काही नसतं. म्हणून बैलाचं काम आपणच करायचं.

ते कसं, ते सांगतो. गाडी एका बाजूला ओढू लागली, हँडल जड झालं, मागून फडफड ऐकू आली, तर आधी घाबरू नका. ब्रेक करकचून दाबू नका. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेगावरचा पाय हळूच काढा आणि गाडीला आपोआप मंदावू द्या. फटफटीचं जे चाक शाबूत आहे, त्याचाच ब्रेक हलक्या हातानं लावा. मग रस्त्याच्या डाव्या कडेला, सपाट आणि पक्क्या जागी थांबा. वळणावर, पुलावर किंवा रेल्वेच्या फाटकात मात्र उभं राहू नका. तिथून माणसाच्या चालीनं काही पावलं पुढं नेल्यानं टायर गेला तरी चालेल. टायर विकत मिळतो. फटफटी असेल तर उतरून ढकला, वर बसू नका.

चाक बदलताना माणसं खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा. रात्र असेल तर दिवे लुकलुकते ठेवा आणि मागं बऱ्याच अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवा. हातब्रेक ओढा, समोरासमोरच्या दुसऱ्या चाकाला दगड लावा. नट आधी सैल करा, मग जॅक चढवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. नट आवळताना एक इकडचा, एक समोरचा, असे आवळा. आणि स्टेपनीतही हवा आहे का, ते महिन्यातून एकदा पाहा. ‘स्टेपनी’ हे नाव वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलं. १९०४ सालच्या सुमारास तिथल्या दोघा भावांनी हे जादा चाक काढलं. शंभरावर वर्षं झाली तरी आपल्याकडे नाव तेच आहे. पण बसलेली स्टेपनी म्हणजे दुष्काळात फुटका रांजण.

शेवटची गोष्ट सवयीची. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना मोजावी. चाललेल्या टायरमध्ये उष्णतेनं दाब वाढलेला असतो, तो पाहून हवा सोडू नये. किती पौंड हवी, हे गाडीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला थोडी हवा पुरते, ट्रकच्या चाकाला खूप लागते. ओझं वाढलं तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हवा वाढवावी.

गुरुजनांना एक विनंती. तो ओल्या चाकाच्या ठशांचा प्रयोग वर्गात जरूर करा. गावातली मुलं उद्या फटफटीवर बसणारच आहेत. आज त्यांनी दोन ठसे पाहिले असतील, तर चाक बसल्यावर तीच मुलं बापाला सांगतील, “बाबा, थांबा. आधी चाक बघू.” आणि बापानंही त्यांचं ऐकावं. उशीर झाला तर घरची माणसं वाट पाहतील, एवढंच. वाट पाहणाऱ्यांकडे माणूस उशिरा का होईना, पोचला पाहिजे.