प्रयोगशाळेतलं मोजमाप (लेखांक ७) : वाशीमचं ९.७८५

साधा दोलक हा अकरावीतला सर्वांत कमी सामानाचा प्रयोग. दोरा, धातूचा गोळा, स्टँड, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच. एवढ्यावर गुरुत्वत्वरण काढायचं, मुलांच्या तोंडी ‘जीची व्हॅल्यू’. पण पुष्कळदा ती काढली जात नाही, आणली जाते. जर्नलमध्ये शेवटी ९.८१ यायला हवं, म्हणून रीडिंग मागून जुळवून लिहिली जातात. वाशीम, रिसोड, कारंजा, मानोरा, कुठल्याही गावच्या मुलांना मला हे कळकळीनं सांगायचं आहे, की ९.८१ हे तुमच्या गावचं उत्तरच नाही.

१९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे प्रमाण मूल्य ठरवलं. ते साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला जुळतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्यामुळे विषुववृत्ताकडे यावं तसं हे मूल्य घटत जातं. उंचीवर गेलं की आणखी थोडं घटतं. वाशीम विसाव्या अक्षांशाच्या किंचित उत्तरेला, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. अक्षांश आणि उंची सूत्रात घातली की इथलं मूल्य ९.७८५ च्या आसपास येतं. जिल्ह्यात कुठंही दोलक टांगला तरी फरक पडेल तो तिसऱ्या-चौथ्या दशांशस्थळी.

९.८१ आणि ९.७८५ यांत अंतर पाव टक्क्याचं. आपल्या दोलकाला ते दिसेल का? याचं उत्तर अनिश्चितता काढल्याशिवाय देताच येत नाही.

समजा, दोलकाची लांबी १०० सेंटिमीटर आहे आणि २० आंदोलनांना पाच खेपांत ४०.१, ४०.४, ४०.०, ४०.३ आणि ४०.२ सेकंद लागले. सरासरी ४०.२. यावरून गुरुत्वत्वरण ९.७७. आता प्रत्येक रीडिंग सरासरीपासून किती दूर आहे ते पाहू : ०.१, ०.२, ०.२, ०.१ आणि ०. यांची सरासरी ०.१२ सेकंद. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, म्हणून मुलं अनिश्चितता ०.०१ लिहितात. तो त्या यंत्राचा लीस्ट काउंट झाला. बटण दाबणारं बोट मात्र सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागानं मागंपुढं होतं, आणि वरच्या पाच आकड्यांत तेच उमटलं आहे.

४०.२ मध्ये ०.१२ म्हणजे ०.३ टक्के. सूत्रात दोलनकालाचा वर्ग येतो, म्हणून दुप्पट : ०.६. लांबी २ मिलिमीटरनं इकडेतिकडे धरली तर तिचे ०.२ टक्के. बेरीज ०.८ टक्के, म्हणजे ०.०८. उत्तर झालं ९.७७ ± ०.०८. या पट्ट्यात ९.७८५ बसतं आणि ९.८१ सुद्धा बसतं. तेव्हा ९.७७ खोडून ९.८१ लिहिण्याची काही गरजच नव्हती. आलेलं उत्तर प्रामाणिक आहे, आणि या मोजणीला दोन्ही मूल्यांत निवड करता येत नाही, हेही त्यानंच सांगितलं.

निवड करायची असेल तर १०० आंदोलनं मोजा. बोटाची चूक सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा होते. आंदोलनं वाढवली म्हणून ती वाढत नाही. तेच ०.१२ सेकंद आता सुमारे २०१ सेकंदांवर पसरतात आणि वेळेचा वाटा ०.६ वरून ०.१२ टक्क्यांवर येतो. पाच वेळा केलं तरी सगळं मिळून सतराएक मिनिटांचं काम. आता मोठी अडचण उरते लांबीची. दोरा ताणला जातो, म्हणून गोळा लटकत असतानाच, टेकूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं, त्रिज्येसाठी व्हर्निअर. लांबी एका मिलिमीटरपर्यंत खात्रीची झाली की एकूण अनिश्चितता ०.०२ पर्यंत खाली येते. इथं वाशीम आणि ४५ वा अक्षांश वेगळे दिसू लागतात.

पण गोळा फार लांब ओढून सोडू नका. १० अंशांनी सोडला तर दोलनकाल जवळजवळ ०.२ टक्के वाढतो आणि उत्तर ०.०४ नं कमी येतं, दर वेळी कमीच. शंभरदा सरासरी काढली तरी ही त्रुटी जात नाही. ५ अंशांच्या आत राहिलात तर ती ०.०१ च्या आत राहते. आणि गोळा सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर २० च्या जागी १९ आंदोलनं मोजली जातात आणि उत्तर १०.८ येतं. याला अनिश्चितता म्हणत नाहीत, ही सरळ चूक आहे. असं रीडिंग पुन्हाच घ्यायचं.

१६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन या गावी गेला. पॅरिसला बरोबर चालणारं दोलकाचं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडू लागलं. कायेन विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंशांवर. रिशेनं वेळ ताऱ्यांवरून ताडून पाहिली होती, आणि दिवसभराची आंदोलनं जमेला असल्यामुळे एवढा बारीक फरकही अनिश्चिततेच्या वर उठून दिसला. पॅरिसचा आकडा खरा धरून त्यानं आपली नोंद दुरुस्त केली नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे मांडताना न्यूटननं हीच नोंद आधाराला घेतली.

पुढील लेखांकात : वाशीमचं प्राचीन नाव वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या खगोलज्ञ पहिल्या भास्करानं लंका, उज्जैन आणि मेरू यांना जोडणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवरची जी गावं सांगितली, त्यांत वात्स्यगुल्मही आहे. आजच्या मोजणीत वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सुमारे १.३५ अंश भरतं. वेळेच्या भाषेत हा फरक साडेपाच मिनिटांच्या आसपास, जुन्या हिशेबानं तेरा-चौदा पळं. ग्रहण पाहून आणि घटिकापात्रानं वेळ मोजून रेखांश काढताना एवढी पळं कुठं कुठं निसटू शकतात, त्याचा हिशेब मांडू.