रगड्याचे दिवस
बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात नव्या रंगरुटाला पहिले काही आठवडे फार जड जातात. भरतीची १.६ किलोमीटरची धाव मारून आलेला गडीही पहाटेच्या पीटीत धापा टाकतो. त्यात प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादाचा दरारा, अपुरी झोप, घरची आठवण. अशा वेळी उरलेल्या महिन्यांचा हिशेब मांडणारा खचतो. नाश्त्यापर्यंत तग धरायचा एवढंच ठरवणारा टिकतो.

त्याहून मोठा आधार शेजारच्या खाटेवरच्या जोडीदाराचा. एकाच्या चुकीचा रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, सगळ्यांना लागतो तेव्हा राग येतो खरा, पण मागे पडलेल्याला ओढून नेण्याची सवयही त्यातूनच लागते. १७६८ पासूनच्या या रेजिमेंटचं बळ, मला वाटतं, तिथेच घडतं. प्रशिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या कसम परेडला आईवडील येतील, हे चित्र मात्र रोज डोळ्यांपुढे ठेवावं.