यंत्राच्या आराखड्यातील चल आणि अचल

सुटे भाग एकत्र ठेवल्याने यंत्र होत नाही. कोणता भाग कोणाच्या आधाराने हलावा हे ठरले, म्हणजेच त्यांना यंत्र ही पदवी प्राप्त होते. हे संबंध पूर्वी कागदावरील रेषांतून ताडावे लागत. आज ते संगणकाच्या पडद्यावर पाहता येतात. या विद्येचा एक पाया १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ या प्रणालीने घातला. मूळ आकृती एकदा काढावी, तिच्या हव्या तितक्या प्रती वापराव्या आणि मुळातील बदल सर्व प्रतींत आपोआप उतरावा, अशी तीत सोय होती. प्रतीची जागा, दिशा व आकारमान बदलता येई. अंतरंग मात्र मुळाबरहुकूमच राही.

हेच अंतरंग मोठ्या यंत्राच्या आराखड्यात अडचणीचे ठरते. माती खोदणाऱ्या यंत्राचे उदाहरण घ्यावे. त्याची भुजा व बकेट हलविणारा प्रत्येक सिलिंडर ही एक लहानशी उपजोडणीच असते. तिच्यात एक नळा आणि त्यातून सरकणारा दट्ट्याचा दांडा असतो. मोकळ्या वस्तूला सहा प्रकारची गती असते: तीन दिशांना सरकण्याची व तीन अक्षांभोवती फिरण्याची. दांड्याचा अक्ष नळ्याच्या अक्षाशी जुळविला की चार गती बंद होतात. दांड्याचे स्वतःभोवती फिरणेही रोखले, म्हणजे सरकण्याची एकच गती उरते.

परंतु ही उपजोडणी मुख्य आराखड्यात आणताच अनेक प्रणाली तिला एकसंध ठोकळा मानतात. परिणामी भुजा जागची हलत नाही. त्यासाठी त्या प्रतीपुरती उपजोडणी ‘लवचीक’ ठरवावी लागते. मग एकच सिलिंडर दोन ठिकाणी वापरला, तरी एक ताणलेला व दुसरा मिटलेला दाखविता येतो.

म्हणून सर्वच उपजोडण्या सैल सोडणे मात्र शहाणपणाचे नव्हे. प्रत्येक मोकळ्या गतीचे गणित संगणकाला पुनःपुन्हा सोडवावे लागते आणि काम मंदावते. बोल्टांनी आवळलेले भाग अचलच ठेवावे. प्रत्यक्ष कामात हलणारे तेवढेच मोकळे करावे, आणि त्यांनाही मर्यादा घालावी. सिलिंडरची किमान व कमाल लांबी नमूद केली नाही, तर पडद्यावर दांडा नळ्याबाहेर निसटूनही आराखडा निर्दोष भासतो.

बकेट पूर्ण वळताच ती भुजेवर आदळते, हे पडद्यावर उमगले तर एक आकडा बदलून भागते. पोलाद कापल्यानंतर उमगले तर माल व श्रम दोन्ही वाया जातात, आणि यंत्र कामावर गेल्यानंतर उमगले तर ते चालविणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते. कोणाला बांधावे आणि कोणाला मोकळे सोडावे, हा विवेक संगणकाचा नसून आराखडा करणाऱ्याचा असतो.