सौंदत्तीला जायचंय? गाडी ठरवण्याआधी एवढं विचारा



मार्गशीर्ष जवळ आला की आपल्याकडं गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याआधी एकच विषय निघतो, सौंदत्तीचा. यल्लम्माला कोण कोण येणार, परड्या कुणाकुणाच्या, आणि गाडी कुणाची सांगायची? मग कुणीतरी म्हणतं, "माझ्या भाच्याच्या ओळखीचा एक आहे, स्वस्तात येतो." तिथंच गाडी ठरते. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, पदर उलटून बघतो. ज्या गाडीत सासू, लेक, नातवंडं बसणार, ती मात्र एका फोनवर ठरवतो. म्हणून आज गाडी भाड्यानं कशी ठरवायची, ते बोलू.

एसटीचा विचार आधी

पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर जिल्ह्यातून पुष्कळ मंडळी एसटी भाड्यानं घेऊन जातात. त्याला एसटीच्या भाषेत 'प्रासंगिक करार' म्हणतात. चाळीस-पंचेचाळीस माणसं जमत असतील, तर आगारात जाऊन दर विचारा. गाडी तिथं थांबून राहते त्याचा वेगळा 'खोळंबा आकार' असतो, तोही विचारा.

आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. कर्नाटकात बायकांना फुकट प्रवास आहे, तो तिथल्या रहिवासी बायकांना. त्यामुळं पंढरपूर किंवा तुळजापूरला जायचं असेल, तर खाजगी गाडीपेक्षा एसटी बऱ्याचदा खूप स्वस्त पडते. सौंदत्तीला मात्र हिशेब करूनच ठरवावं लागतं.

किती माणसं, कुठली गाडी

आधी डोकी मोजा. सात सीटची अर्टिगा म्हणजे ड्रायव्हर धरून सात, आपल्यासाठी सहाच जागा. इनोव्हात सहा किंवा सात जणी. क्रूझर वेगवेगळ्या सीटच्या येतात, मोठीत ड्रायव्हर सोडून बारा. त्याहून जास्त असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर. गाडीच्या आरसी बुकावर सीटची संख्या लिहिलेली असते. 'लहान आहे, मांडीवर बसेल' असं करत बाराच्या गाडीत सोळा जण बसवू नका.

मागं आडवे, समोरासमोरचे बाक असलेल्या गाडीत गुडघेदुखी असलेल्या बाईला दोनशे किलोमीटर बसवणं म्हणजे शिक्षाच. म्हातारी माणसं बरोबर असतील तर गाडीची पायरी किती उंच आहे, तेही बघा. पुढं तोंड असलेली सीट आणि प्रत्येक सीटला पट्टा असलेली गाडी मागा. मागं बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, पण मागच्या सीटवर त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

पिकअप किंवा छोटा हत्ती यांत बसून यात्रेला अजिबात जाऊ नका. ती मालाची गाडी. तिच्यात बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे.

पाटीचा रंग बघा

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं गाडी ठरवली. पहाटे चारला दारात भलतीच गाडी आली, पांढऱ्या पाटीची. "ठरलेली बिघडली, ही चुलत भावाची आहे," असं ड्रायव्हर म्हणाला. विसार दिलेला, भाकरी-चटणी बांधलेली, सासूबाई पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या. आम्ही मुकाट्यानं चढलो. सुखरूप आलोही. पण तेव्हा आम्ही काय पणाला लावलं होतं, ते मला नंतर समजलं.

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे घरगुती गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्यानं घेतो ती. विजेवरच्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात.

घरगुती गाडीचा विमा घरच्या वापरापुरता असतो. ती भाड्यानं चालवणं त्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग दवाखान्याचा खर्च मागायचा कुणाकडं? वाटेत अडवलं तर 'पाव्हणे आहोत म्हणून सांगा' असं ड्रायव्हर आपल्यालाच शिकवतो. तसं सांगितलं की भाडं दिल्याचं सिद्ध करणंही आपल्याला जड जातं. म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळाली तरी नको म्हणा.

गाडीचा नंबर आदल्या दिवशीच मागून घ्या. एमपरिवहन ॲपवर तो टाकला की गाडी कुठल्या प्रकारची आहे, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे, हे कळतं. घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

सौंदत्ती कर्नाटकात, म्हणजे निपाणीच्या अलीकडंच हद्द बदलते. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का? नसेल तर तिकडचा परवाना आणि कर कोण भरणार? हे घरीच विचारा. कोगनोळीच्या नाक्यावर भांडत बसायची वेळ येऊ देऊ नका.

भाड्याचा हिशेब

किलोमीटरच्या दरात साधारण डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार येतो. टोल, पार्किंग, परवाना, ड्रायव्हरचा भत्ता आणि मुक्कामाचे पैसे बहुतेक वेळा वेगळे असतात. त्यात रोजचे कमीत कमी किलोमीटर ठरलेले असतात, पुष्कळ ठिकाणी तीनशे. गाडी कमी फिरली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात.

आता हिशेब लिहून घ्या. कोल्हापूर ते सौंदत्ती जाऊन-येऊन चारशेच्या आसपास किलोमीटर. दर समजा १५ रुपये. एका दिवसात जाऊन आलात तर ४०० × १५, म्हणजे ६,००० रुपये. मुक्काम करून दोन दिवस लावलेत तर कमीत कमी ६०० किलोमीटर धरले जातात, म्हणजे ९,००० रुपये. फरक ३,००० चा. मग साहजिकच कुणीतरी म्हणतं, "कशाला मुक्काम? पहाटे निघू, रात्री परत येऊ."

पण बघा काय होतं. पहाटे तीनला निघायचं म्हणजे ड्रायव्हर दोनला उठला. आपण दर्शनाच्या रांगेत असताना तो उन्हात गाडीजवळ. परत निघेपर्यंत अंधार, घरी पोचायला मध्यरात्र. मागं आपण सगळ्या झोपलेल्या, आणि पुढं वीस-बावीस तास जागा असलेला एकटा माणूस. गाडीवरच्या कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. ३,००० रुपये बारा जणींत वाटले तर प्रत्येकीला २५० येतात. भत्ता आणि मुक्काम धरून थोडे वाढतील. गटात दर महिन्याला वीस-पंचवीस रुपये बाजूला टाकले तरी वर्षात जमतात. हे पैसे ड्रायव्हरच्या झोपेचे आणि आपल्या जिवाचे समजा. मुक्काम केलात तर ड्रायव्हरला झोपायला नीट जागा मिळाली का, हेही बघा.

दुसरी गोष्ट, किलोमीटर कुठून मोजणार? पुष्कळदा मालकाच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत मोजतात. गारगोटी कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या गटानं कोल्हापूरची गाडी बोलावली, तर नुसतं यायला आणि परत जायला शंभर किलोमीटर लागतात. म्हणून आधी आपल्याच तालुक्यातली गाडी शोधा.

निघताना

मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, परत आल्यावर पुन्हा काढा. टायर गुळगुळीत नाहीत ना, स्टेपनीत हवा आहे का, ड्रायव्हरचं लायसन्स आहे का, ते बघा. विसार थोडाच द्या. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मालकाला पाठवा आणि त्याच्याकडून 'बरोबर' असं उत्तर घ्या. गाडीचा नंबर घरी देऊन ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हे नंबर लक्षात ठेवा.

फोनवर विचारायचे सहा प्रश्न

आता पुन्हा एकदा सांगते, लिहून घ्या.

१. गाडीची पाटी पिवळी आहे का, नंबर काय?
२. आरसीवर सीट किती?
३. दर किती, रोजचे कमीत कमी किलोमीटर किती, आणि मोजणार कुठून?
४. टोल, भत्ता, परवाना, पार्किंग कुणाकडं?
५. ड्रायव्हर आदल्या रात्री दुसऱ्या भाड्यावर आहे का?
६. ऐनवेळी गाडी बदलली तर विसार परत देणार का?

सहावा प्रश्न आमच्या त्या पहाटेमुळं आलाय. यंदा तो आम्ही सगळ्यात आधी विचारतो. दोन मालकांनी त्यावर फोन ठेवून दिला. तिसऱ्यानं सरळ उत्तर दिलं, आणि आम्ही त्याची गाडी सांगितली.

यात्रा सुखाची होवो. नमस्कार.